मोजणाऱ्याची नजर : राजा दीनदयाळ

राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकात घेतलेली जुन्या वास्तूंची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दृष्टीस पडते. एखादे उत्तुंग शिखर, कोरीव तोरण किंवा पडझड झालेला राजवाडा चौकटीत ताठ उभा असतो आणि त्याच्या पायथ्याशी, पायरीवर किंवा खांबाला टेकून एखादा साधा माणूस बसलेला असतो. तो कोणी राजपुरुष नसतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. मात्र तो तेथे असल्यामुळेच खांबाची उंची किती, दरवाजा किती रुंद, जोत्याचा दगड केवढा, हे पाहणाऱ्याला एका क्षणात उमगते. नोकरीची जवळजवळ वीस वर्षे ज्यांनी भिंतींची लांबी-रुंदी मोजण्यात आणि बांधकामांची अंदाजपत्रके तयार करण्यात घालवली, त्यांची ही नजर आहे. भारतातील जुनी स्थळे आणि धार्मिक परंपरा प्रवास करून काचेवर उतरवणाऱ्या पहिल्या पिढीतील भारतीयांमध्ये दीनदयाळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या यशाचे मूळ शोधू लागलो तर ते या मोजण्याच्या आणि नोंदण्याच्या सवयीपाशी येऊन थांबते.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी जवाहिऱ्यांच्या एका जैन कुटुंबात झाला. बेगम समरूने बांधलेल्या भव्य चर्चमुळे हे छोटे गाव सर्वदूर ओळखले जाई. १८५७ चा उठाव ज्या मेरठच्या छावणीतून सुरू झाला, ती छावणी येथून काही कोसांवर. त्या वेळी दीनदयाळ तेरा वर्षांचे होते. रत्ने पारखण्याचा घरचा व्यवसाय असूनही त्यांची पावले रुरकीच्या थॉमसन स्थापत्य अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे वळली. गंगा कालव्याच्या प्रचंड कामासाठी प्रशिक्षित माणसे हवीत, या गरजेतून उभी राहिलेली ही संस्था आज भारतीय तंत्रज्ञान संस्था म्हणून नावाजलेली आहे. तेथील शिक्षण पूर्ण करून १८६६ साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अंदाजकर्ता आणि आरेखक म्हणून रुजू झाले.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी कुटुंबांना दीनदयाळ यांच्या आयुष्यातील गावे परकी वाटणार नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद ही त्यांची कर्मभूमी, आणि याच शहरांत मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. इंदुरात त्या वेळी तुकोजीराव होळकर दुसरे यांचे राज्य होते. मध्य भारतातील संस्थानांशी व्यवहार पाहणाऱ्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीचे ठाणेही इंदुरातच होते. राजदरबार आणि रेसिडेन्सी यांच्यामध्ये, नकाशे आणि आकडेमोड यांत गढलेला हा तरुण आणखी वीस-पंचवीस वर्षे मान मोडून काम करून निवृत्तिवेतनावर घरी बसला असता, तर कोणालाही नवल वाटले नसते.

पण १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. प्रारंभी तो केवळ छंद होता. या छंदाला आश्रय मिळाला तो दोन ठिकाणांहून. तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले आणि इंग्रज सरकारचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनीही त्यांच्या कामाची कदर केली. ज्यांच्या नावाने इंदूरचे डेली कॉलेज ओळखले जाते, तेच हे डेली. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स भारताच्या दौऱ्यावर आले असता त्या प्रसंगाची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली. नोकरी चालूच होती. पण इंदुरात त्यांचा छोटा स्टुडिओही उभा राहिला.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे काय, याची कल्पना आज खिशातल्या फोनने हजारो चित्रे टिपणाऱ्या पिढीला करून द्यावी लागेल. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सर्वत्र सारखे पसरावयाचे. मग अंधाऱ्या तंबूत ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची. ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यावयाचा आणि ती सुकण्यापूर्वी पुन्हा तंबूत नेऊन रसायनांनी चित्र उमटवावयाचे. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. मध्य भारतातील उन्हाळ्यात द्रावण पाहता पाहता सुके, वाऱ्याबरोबर आलेली धूळ काचेला चिकटे, पाणी अशुद्ध असेल तर डाग पडत. पुढे १८८० च्या दशकात कारखान्यात तयार केलेल्या कोरड्या काचा मिळू लागल्या आणि तंबूचे ओझे कमी झाले. पण काचेचे ओझे राहिलेच. दहा बाय बारा इंचांची एक काच अंदाजे चारशे ग्रॅम भरते. अशा शंभर काचा म्हणजे सुमारे चाळीस किलो, आणि त्या खडबडीत रस्त्यांवरून एकही तडा न जाता परत आणावयाच्या. चित्र मोठे हवे तर कॅमेरा मोठा आणि काचही मोठी लागे, कारण काच कागदावर ठेवून उन्हात छापायची असल्यामुळे चित्राचा आकार काचेइतकाच राही.

अशा काळात दीनदयाळ यांना त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रवास घडला. डेली यांच्यानंतर आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ च्या सुमारास त्यांनी बुंदेलखंड आणि मध्य भारतातील प्राचीन स्थळांचा दौरा केला. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानसिंह तोमरांचा राजवाडा आणि सासबहूची मंदिरे, दतिया आणि ओरछा येथील बुंदेल्यांचे वाडे, सोनागिरीच्या टेकडीवरील जैन मंदिरांची शुभ्र रांग, खजुराहोची चंदेलकालीन शिखरे, सांचीचा स्तूप, ही सारी स्थळे त्यांच्या काचेवर उतरली. खजुराहोसारख्या ठिकाणी तोवर आगगाडी पोहोचली नव्हती. यातून १८८६ साली मध्य भारतातील प्रसिद्ध स्मारकांवरचा ग्रंथ प्रकाशित झाला. मजकूर ग्रिफिन यांचा होता. ऐंशीहून अधिक छायाचित्रे दीनदयाळ यांची होती. आज त्या ग्रंथाचा शोध घेणारे अभ्यासक मजकुरापेक्षा छायाचित्रांसाठीच तो उघडतात.

या छायाचित्रांचे मोल केवळ सौंदर्याचे नाही. त्या त्या वास्तू त्या वर्षी कोणत्या अवस्थेत होत्या, याची ती साक्ष आहे. सांचीचेच उदाहरण घ्यावे. तेथील दक्षिण आणि पश्चिम दिशांची कोसळलेली तोरणे १८८१ ते १८८३ या काळात मेजर कोल यांच्या देखरेखीखाली पुन्हा उभारण्यात आली आणि त्यानंतर तीन दशकांनी जॉन मार्शल यांनी संपूर्ण परिसराची पद्धतशीर दुरुस्ती केली. या दोन टप्प्यांच्या दरम्यान सांची कशी दिसत होती, हे समजण्यास त्या काळची छायाचित्रेच उपयोगी पडतात. कोणता दगड कोठे होता, कोणत्या भिंतीत झाड रुजले होते, कोणत्या शिखराचा कळस ढळला होता, हे शब्दांत कितीही लिहिले तरी अपुरे पडते. दीनदयाळ यांनी वास्तूचे देखणे अंग तेवढे निवडून पडझड झाकली नाही. कॅमेरा समोरासमोर, रेषा सरळ, उभे खांब उभेच दिसतील अशा बेताने लावलेला, आणि प्रमाण कळावे म्हणून पायथ्याशी एखादा माणूस. आरेखनाच्या मेजावर शिकलेली शिस्त त्यांनी तिपाईवर चढवली.

श्रद्धेच्या स्थळांकडे पाहतानाही हीच समदृष्टी दिसते. स्वतः जैन असलेल्या दीनदयाळ यांनी सोनागिरीची मंदिरे जेवढ्या निगुतीने टिपली, तेवढ्याच निगुतीने शैव-वैष्णव मंदिरे, बौद्ध स्तूप आणि मशिदी-मकबरेही टिपले. कोणत्याही चित्रात परक्याच्या देवघरात डोकावणाऱ्याचे कुतूहल नाही, की आपल्याच धर्मस्थळाला झुकते माप नाही.

ग्रिफिन यांच्याबरोबरच्या दौऱ्यानंतर त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. वय चाळिशीला पोहोचलेले, पदरी कुटुंब, दोन वाढते मुलगे, हाती सरकारी नोकरी. दुसरीकडे एक असा व्यवसाय, ज्यात भांडवल मोठे, रसायने आणि कागद परदेशातून आणावे लागत आणि उत्पन्न धनिकांच्या मर्जीवर अवलंबून. दीनदयाळ यांनी आधी दीर्घ रजा घेतली, अंदाज बांधला आणि मग नोकरी सोडली. इतरांच्या बांधकामांचा खर्च काढण्यात आयुष्य घालवलेल्या या गृहस्थाने आपल्या धाडसाचा हिशेब मांडला नसेल, असे म्हणता येत नाही. त्यांनी तो मांडला आणि तरीही पाऊल उचलले. येथूनच एका कर्मचाऱ्याचा छंद संपून एका कलावंताचे आयुष्य सुरू झाले. १८८५ साली त्यांना व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नेमण्यात आले, आणि पुढे राणी व्हिक्टोरियाचे राजनियुक्तीपत्रही मिळाले.

त्याच सुमारास त्यांना हैदराबादचे बोलावणे आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान तेव्हा विशीच्या आत-बाहेर होते आणि नुकताच त्यांनी राज्यकारभार हाती घेतला होता. त्यांनी दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. १८८६ साली सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उघडला. पुढे निजामांनी त्यांना राजा हा किताब आणि मुसव्विर जंग ही पदवी दिली. चित्रकलेच्या रणांगणातील वीर, असा तिचा आशय. दीनदयाळ हे उस्तादांचेही उस्ताद होत, अशा अर्थाचा शेर निजामांनी रचल्याचे सांगितले जाते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ सुरू केला. तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एका इंग्रज महिलेकडे सोपवले होते. परपुरुषासमोर येण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांना आपली प्रतिमा पाहण्याचे दार त्यामुळे उघडले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनातही त्यांची छायाचित्रे मांडली गेली.

निजामांच्या राज्याचा विस्तार आजच्या मराठवाड्यावरही होता, त्यामुळे वेरूळ आणि दौलताबाद ही स्थळे दीनदयाळ यांच्या कार्यक्षेत्रात आली. वेरूळचे कैलास लेणे छायाचित्रकाराची कसोटी पाहणारे आहे. एकाच अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलेले हे मंदिर तिन्ही बाजूंनी उंच कड्यांनी वेढलेले आहे. ऊन आत शिरते तेव्हा अर्धा भाग लखलखतो आणि अर्धा काळोखात बुडतो. काचेवर उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळायचे तर सूर्य कोठे येईल याची वाट पाहत थांबण्याशिवाय गत्यंतर नसते. मोजमाप येथेही त्यांच्या उपयोगी आले. या वेळी मोजायचे होते ते उन्हाचे.

हैदराबाद शहरात त्यांनी चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंड्याचा किल्ला आणि कुतुबशाही मकबरे यांबरोबरच लोकांच्या धार्मिक जीवनाचीही नोंद केली. यांपैकी मोहरमच्या दिवसांत निघणारी लंगरची मिरवणूक विशेष उल्लेखनीय. या मिरवणुकीमागे एक आख्यायिका आहे. कुतुबशाही घराण्यातील राजपुत्र अब्दुल्ला याला घेऊन त्याचा हत्ती बेभान होऊन रानात निघून गेला. मुलगा सुखरूप परतला तर हत्तीच्या साखळदंडाएवढी सोन्याची साखळी आशूरखान्यात अर्पण करीन, असा नवस त्याची आई हयात बख्शी बेगम हिने केला, आणि मुलगा परतल्यावर तो फेडला. एका आईच्या नवसातून सुरू झालेली ही प्रथा पुढे राज्याचा सोहळा बनली. दीनदयाळ यांच्या काळी हत्ती, घोडेस्वार, अरब पलटणी आणि निशाणे यांनी भरलेली ती मिरवणूक शहरातून जाई आणि हिंदू-मुसलमान दोघेही ती पाहण्यास गच्च्यांवर गर्दी करीत. तो संस्थानी लवाजमा आता राहिला नाही. छायाचित्रे मात्र राहिली आहेत.

या कामाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. दीनदयाळ यांचा कॅमेरा बहुतांशी सत्तेच्या सेवेत होता. शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती आणि राजेरजवाड्यांचे दागदागिने ही त्यांच्या नित्याच्या कामाची बाजू. राजसत्तेवर त्यांनी कधी प्रश्नचिन्ह लावल्याचे दिसत नाही, आणि त्यांना तसे दाखवणे हे सत्याशी प्रतारणा करणारे ठरेल. पण १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाच्या काळात औरंगाबाद भागात निजाम सरकारने सुरू केलेल्या मदतकार्याची छायाचित्रेही याच स्टुडिओने घेतली. हेतू सरकारचे काम दाखविण्याचा होता. तरी काचेने तेथे जे होते ते टिपले. खडी फोडणाऱ्यांच्या रांगा आणि अन्नासाठी बसलेले खंगलेले देह पाहताना दरबारी छायाचित्रांची झळाळी आपोआप मंदावते. सरळ, न सजवलेल्या नोंदीचे सामर्थ्य असे असते की, ती करवून घेणाऱ्याच्या इच्छेपलीकडचेही बोलून जाते.

१८९६ साली दीनदयाळ यांनी मुंबईच्या फोर्ट भागात आणखी एक भव्य स्टुडिओ उघडला. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. तरीही हा स्टुडिओ नावारूपाला आला. ज्ञानचंद आणि धर्मचंद हे दोन्ही मुलगे व्यवसायात उतरले होते आणि स्टुडिओच्या नावात वडिलांबरोबर मुलांचाही उल्लेख होऊ लागला. परंतु अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. १९०४ साली धर्मचंद यांचे अकाली निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, दीनदयाळ यांनीही जगाचा निरोप घेतला. ज्ञानचंद यांनी व्यवसाय पुढे चालवला; मात्र पूर्वीचे वैभव टिकले नाही. स्वस्त हातकॅमेरे बाजारात आल्यामुळे एकूणच मोठ्या स्टुडिओंचा काळ मावळत चालला होता.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९०८ मध्ये, मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबादचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. हजारो माणसे दगावली, नदीकाठच्या वस्त्या नाहीशा झाल्या. पुरापूर्वीचे हैदराबाद कसे होते, हे सांगणारी जी साधने उरली, त्यांत दीनदयाळ यांच्या काचांचे स्थान मोठे आहे. चित्र घेताना त्यांच्या मनात पूर नव्हता. पण जे आज उभे आहे ते उद्या असेलच असे नाही, हे तीस वर्षे पडके वाडे आणि ढासळती मंदिरे पाहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

या काचांचेही भवितव्य बराच काळ अनिश्चित होते. काच फुटते, तिच्यावरचा थर ओलाव्याने सुटतो, आणि जुन्या काचा धुऊन खिडक्यांना बसवल्या गेल्याची उदाहरणे छायाचित्रणाच्या इतिहासात थोडी नाहीत. १९८९ साली नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळ यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचा विकत घेतल्या आणि त्यांच्या जतनाची व्यवस्था केली. २००६ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या संग्रहाचा अभ्यास करता येतो, यामागे दीनदयाळ यांची आणखी एक सवय आहे. त्यांच्या पुष्कळ काचांच्या कडेला बारीक अक्षरांत नाव आणि क्रमांक घातलेला आढळतो. चित्र कितीही सुंदर असले, तरी ते कोठले आणि कोणाचे हे कळले नाही तर पन्नास वर्षांनी ते मुके होते. घराघरांतील पेट्यांत आणि शाळांच्या कपाटांत पडून असलेली अशी कितीतरी मुकी छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील: पहिल्या बाकावरचे शिक्षक ओळखू येतात, मागच्या रांगेतील मुलांची नावे सांगणारे आता कोणी उरलेले नसते. बांधकाम खात्यातील अंदाजकर्त्याने काचेच्या कडेला क्रमांक घालण्यासाठी दिलेले ते अर्धे मिनिट, दहा बाय बारा इंचांच्या चित्राइतकेच मोलाचे ठरले.